प्रिंटर बदलताना आधी हेडची किंमत विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सातबारा, पीकविम्याचे अर्ज, शिष्यवृत्तीची कागदपत्रे, परीक्षेचे हॉल तिकीट यांसाठी मराठवाड्यात आता गावोगावी घरचा इंकजेट प्रिंटर असतो. उन्हाळ्याची सुट्टी संपून प्रवेशाचे दिवस आले की दुरुस्तीच्या टेबलावर एकच तक्रार येते: रंग उठत नाही, अक्षरांत पांढऱ्या रेषा पडतात, क्लीनिंग (प्रिंटरमधलीच हेड धुण्याची सोय) मारून मारून शाई संपली. शेवटी वैतागून माणूस नवा प्रिंटर घेतो, तोही बहुधा त्याच जातीचा. वर्षभराने तोही चोक होतो. खरेदीच्या वेळी नेमके काय बघायचे हे दुकानात कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

कागदावर शाई फेकणारा भाग म्हणजे हेड, आणि त्यातली शाई बाहेर पडायची बारीक तोंडे म्हणजे नोझल. नोझलचे छिद्र साधारण २० मायक्रॉनचे, म्हणजे केसापेक्षा तीन-चार पट बारीक असते. त्या तोंडाशी शाईतले पाणी उडाले की रंग तिथेच घट्ट होतो. साधारण १० ते ३५ अंश तापमान आणि २० ते ८० टक्के आर्द्रता, एवढीच वापराची मर्यादा अनेक घरगुती प्रिंटरच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. एप्रिल-मेमध्ये परभणी, नांदेड, बीडकडे पारा ४० च्या वर असतो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून जास्त उकाडा होतो. त्यात दीड-दोन महिने प्रिंटर झाकून ठेवलेला. अशा हवेत चांगल्या कंपनीचे हेडही वाळणारच.

दुसरे कारण विजेचे. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड कडेला जाऊन रबरी कॅपवर बसते आणि नोझलची तोंडे झाकली जातात. बोर्डाचे बटण थेट बंद केले, किंवा छपाई चालू असताना लाइट गेली, तर हेड अधेमधे उघडेच राहते. लाइट आल्यावर प्रिंटर लगेच चालू करून हेडला जागेवर जाऊ द्यावे. ते दुसऱ्या दिवसावर टाकू नये.

जुना टाकून देण्याआधी नोझल चेकची, म्हणजे प्रत्येक नोझलची रेषा छापून दाखवणाऱ्या चाचणीची, दोन-तीन पाने काढून शेजारी ठेवा. रेषा दर वेळी त्याच जागी तुटत असतील तर छिद्र चोक झाले आहे किंवा मेले आहे. तुटण्याची जागा बदलत असेल, किंवा एखादा रंग सुरुवातीला येऊन मध्येच नाहीसा होत असेल, तर बहुधा नळीत हवा शिरली आहे आणि हेड शाबूत आहे. क्लीनिंग सलग तीनपेक्षा जास्त वेळा करू नका. बारा तास प्रिंटर तसाच राहू द्या, मग पुन्हा नोझल चेक काढा. एपसनच्या बऱ्याच टाकीवाल्या (बाटलीने शाई भरायच्या) प्रिंटरमध्ये ‘पॉवर क्लीनिंग’, म्हणजे जास्त जोराची सफाई असते, त्याआधी प्रत्येक टाकी किमान एक तृतीयांश भरलेली हवी. रिकाम्या टाकीवर ते चालवले तर नळ्यांत हवा ओढली जाते आणि आजार वाढतो.

कॅपच्या रबरी कडेवर वाळलेली शाई साचली असेल तर पंपाला शाई ओढताच येत नाही, मग कितीही क्लीनिंग करा. ती कड धागे न सुटणाऱ्या कापडाने, डिस्टिल्ड वॉटरने हलक्या हाताने पुसावी. बॅटरीत टाकायचे डिस्टिल्ड वॉटर चालते. आपल्याकडचे बोअरचे पाणी अजिबात नको, त्यातला क्षार नोझलमध्ये बसतो. थिनर तर लांबच ठेवा.

एवढे करूनही तेच नोझल बंद असतील तर हेड बदलण्याचा भाव काढा. तो नव्या प्रिंटरच्या निम्म्याहून जास्त असेल तर जुन्यावर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता नवा कोणता? शाई स्वस्त कुठली, हा प्रश्न नंतरचा. हेड कुठे आहे आणि ते कोण बदलणार, हे आधी विचारा. एपसनची एल मालिका आणि ब्रदरचे टाकीवाले प्रिंटर यांत पीझो हेड असते. ते विजेने हलणाऱ्या पट्टीच्या दाबाने शाई ढकलते, तापवत नाही, टिकते खूप, पण यंत्रात पक्के बसवलेले असते. ते गेले की सर्व्हिस सेंटर गाठावे लागते आणि खर्चही मोठा. कॅनॉनची जी मालिका आणि एचपीचे स्मार्ट टँक यांत थर्मल हेड असते. शाई क्षणभर तापवून बुडबुड्याच्या जोराने ते थेंब फेकते. शाई नसताना छापत राहिले तर त्यातली तापणारी पट्टी जळते आणि ते नोझल कोणत्याही क्लीनिंगने परत येत नाही. पण काळ्याचे एक आणि रंगाचे एक अशी ही दोन हेड सुटी विकत मिळतात आणि घरच्या घरी बदलता येतात. रोज पाच-दहा पाने निघत असतील, शाळकरी मुलांचे प्रकल्प चालू असतील, तर पीझो उत्तम. आठ-पंधरा दिवसांनी आठवण येणाऱ्या घरात, त्यातही तालुक्याच्या गावापासून लांब, सुटे हेड असलेलाच घ्यावा.

महिन्याला दोन-चार पानेच लागत असतील तर कार्ट्रिजवाला साधा प्रिंटरही चुकीचा नाही. अशा बऱ्याच मॉडेलमध्ये हेड कार्ट्रिजलाच असते, कार्ट्रिज बदलले की हेडही नवे. पान महाग पडते, हे खरे.

आणि रंगाची गरजच नसेल तर काळा-पांढरा लेझर घ्या, हे मी आग्रहाने सांगतो. टोनर ही भुकटी आहे, ती वाळत नाही. चार महिने बंद ठेवलेला लेझरही पहिले पान स्वच्छ देतो. सातबारा किंवा हॉल तिकिटावर पाणी पडले तर इंकजेटची पाण्यात विरघळणारी (डाय) शाई पसरते, टोनर पसरत नाही. क्यूआर कोडही ठळक उठतो. एचपीच्या जुन्या, सर्वत्र रिफिल होणाऱ्या १२ए जातीच्या टोनरमधून सुमारे २,००० पाने निघतात. अडचण एकच, विजेची. लेझरचा रोलर तापताना एकदम मोठा भार ओढतो, त्यामुळे ६०० व्हीएच्या यूपीएसवर किंवा घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर तो लावू नये. इंकजेटला छापताना दहा-पंधरा वॉट पुरतात. ऐन मुदतीच्या दिवशी लाइट जाणाऱ्या गावात हा फरक मोठा आहे.

टाकीवाला घेतला तर बाटलीवरचा पानांचा आकडा पहिल्या भरणीत मिळत नाही, कारण बरीच शाई नळ्या भरण्यात जाते. एपसनच्या ००३ क्रमांकाच्या ६५ मिलिलिटर काळ्या बाटलीला ४,५०० पाने सांगितली जातात, पण क्लीनिंगमध्ये वाया जाणारी शाई त्यात धरलेली नसते. ती वाया गेलेली शाई प्रिंटरच्या पोटातल्या शाई शोषणाऱ्या पॅडमध्ये साचते आणि मोजणी पूर्ण झाली की प्रिंटर अडून बसतो. कॅनॉनच्या जी २०२०, जी ३०२० सारख्या मॉडेलमध्ये हा भाग सुटा आहे, आपला आपण बदलता येतो. दोन मॉडेलांत मन अडकले तर सुट्या पॅडचे घ्यावे.

दर आठवड्याला नोझल चेकचे एक पान काढा. नुसता काळा मजकूर छापून भागत नाही, रंगांची नोझल तेवढ्यात वाळतात. आणि टाकीवाला प्रिंटर मोटारसायकलवर आडवा-तिडवा करून दुरुस्तीला आणू नका. शाई सांडते, नळीत हवा शिरते, आणि मूळ दोष कोणता तेच कळेनासे होते.

विक्रेत्यांना आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. बिलावर तीन ओळी लिहून द्या: हेड सुटे की पक्के, त्याची आजची किंमत, आणि ते वॉरंटीत धरले आहे की नाही. वॉरंटीला वर्षांबरोबर पानांची मर्यादा असेल तर तीही. प्रवेशाच्या दिवसांत यंत्र बंद पडले की पालकाला पन्नास-साठ किलोमीटरवर जिल्ह्याच्या गावी यावे लागते. त्याला हे खरेदीच्या दिवशीच कळायला हवे.

आपला,
एक प्रिंटर दुरुस्ती कारागीर, लातूर