सिरम चहासारखं झालं होतं, तरी व्यवहार झाला

मा. संपादक, स.न.वि.वि.

जानेवारी 2025 मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने जयपूरच्या मिनिमलिस्ट या स्किनकेअर ब्रँडचा 90.5 टक्के हिस्सा घेत असल्याचं जाहीर केलं, त्यानंतर अशा ब्रँडच्या खरेदीविक्रीच्या बातम्या जरा जास्तच लक्ष देऊन वाचतो. व्हॅल्युएशन किती, फाउंडर कोण, सगळं असतं, पण बाटलीतला माल कोणी तपासला हे कुठेच नसतं. त्या व्यवहाराबद्दल माझी काही तक्रार नाही, मी सगळ्यांबद्दलच बोलतोय.

मी तीसेक वर्षं क्रीम-लोशनची फॉर्म्युलेशन्स करण्यात घालवली आणि दोन-तीनदा असा ब्रँड घ्यायच्या आधी "जरा बघून सांगा" म्हणून मला बोलावलं गेलं. लोकांना वाटतं आम्ही क्रीम हाताला लावून वास घेतो, झालं काम. पण मी पहिला प्रश्न विचारायचो की फॉर्म्युला नक्की कोणाचा आहे, कारण बरेच नवे ब्रँड स्वतः काही बनवतच नाहीत, हिमाचलमधल्या बद्दीला किंवा इकडे भिवंडीकडे थर्ड पार्टीकडून, म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यात, करून घेतात, आणि करार नीट नसेल तर फॉर्म्युला त्या कारखानदाराचा निघतो, म्हणजे तुम्ही एवढे कोटी मोजून नाव आणि लेबल घेतलंत! मग स्टॅबिलिटी, म्हणजे माल किती टिकतो ते, 40 डिग्री आणि 75 टक्के दमटपणात महिनोन् महिने ठेवलेल्या सॅम्पलचा डेटा. मग चॅलेंज टेस्ट, ज्यात क्रीममध्ये मुद्दाम जंतू आणि बुरशी सोडून 28 दिवस मोजतात, प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री म्हणून मिरवणारे इथेच गडबडतात. आणि सनस्क्रीनवर एसपीएफ 50 छापलंय तर माणसांच्या पाठीवर केलेल्या टेस्टचा रिपोर्ट दाखवा, नुसतं पत्रक नको.

एकदा मला बोलावलं तेव्हा सही व्हायला चार दिवस उरले होते. मी हट्टाने गोदामातून व्हिटॅमिन सी सिरमची कंट्रोल सॅम्पल्स, म्हणजे तपासणीसाठी राखून ठेवलेल्या बाटल्या, मागवली. व्हिटॅमिन सी म्हणजे एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड, हवा-उजेड लागला की ऑक्सिडाइज होतं, हे कॉलेजच्या पोरालाही माहितीये. आठ महिन्यांच्या बाटल्या उघडल्या तर कोऱ्या चहाचा रंग, आणि लेबलवर एक्सपायरी दोन वर्षं. मी रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं. मीटिंगमध्ये फायनान्सवाले म्हणाले, "ते पॅकिंग बदलून होईल की." आत हवा न जाऊ देणाऱ्या एअरलेस पंपाने मदत होते, नाही असं नाही, पण शेल्फवर आधीच गेलेल्या मालाचं काय? माझा रिपोर्ट जोडपत्र म्हणून शेवटी लागला, व्यवहार ठरल्या तारखेला झाला. पेढेही आले, मी खाल्ले, खोटं कशाला बोलू.

म्हणून एक विनंती आहे. पुढच्या वेळी अशी बातमी आली की तुमच्या बिझनेस रिपोर्टरने कंपनीला एवढंच विचारावं की टेक्निकल रिपोर्टवर सही कोणाची आहे, आणि त्याला बोलावलं तेव्हा किंमत ठरायची होती की ठरून गेली होती.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त केमिस्ट, डोंबिवली