छकुलीचे कान आणि ती रात्र

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना माझं निम्मं बोलणं ऐकू जात नाही आणि उरलेलं निम्मं आईला रडू येतं म्हणून राहून जातं. तेव्हा म्हटलं, सरळ लिहावं. छकुली आत्ता उजव्या कुशीवर झोपली आहे. म्हणजे आज उजवा कान दुखत नाहीये. गेल्या पाच महिन्यांत मी एवढं तरी शिकले.

आई, छकुलीच्या अंगावर पित्त उठलं तेव्हा तू विचारलंस, "तुझ्याच खाण्यात काही आलं असेल का गं?" मी "नाही" म्हणून फोन ठेवला. तुला राग आलेला वाटला असेल. राग नव्हता, तोच प्रश्न मी स्वतःला दोन दिवस विचारत होते. आता नीट सांगते.

कान तिसऱ्यांदा बिघडला होता आणि अमॉक्सिसिलिनचा, म्हणजे पेनिसिलिनच्याच जातीच्या जंतुनाशक औषधाचा, सहावा दिवस होता. रात्री लंगोट बदलायला घेतला तर पोटावर, मांड्यांवर लालसर गांधी. बघता बघता पाठीवर आल्या, एकमेकींत मिसळून हाताएवढ्या झाल्या. हे औषधाचंच, असं ठरवून मी बाटली फेकून द्यायला निघाले होते. डॉक्टरांनी फोनवर आधी एवढंच विचारलं: ओठ, जीभ, डोळे सुजलेत का? श्वास घेताना आवाज येतोय का? उलट्या होताहेत का? पोर मलूल पडलंय का? यातलं काहीच नव्हतं. अंग खाजत होतं म्हणून ती चिडली होती, बाकी माझी वेणी ओढायला तयार. मग त्यांनी सांगितलं, एका गांधीभोवती पेनाने गोल काढा आणि वेळ लिहून ठेवा. सकाळी गोल जागेवर होता, गांध नव्हती. ती आता खांद्यावर होती. पित्ताची ओळखच ही, म्हणाले. एका जागची गांध २४ तासांच्या आत मावळते आणि दुसरीकडे उठते. खाल्ल्यामुळे उठणारं पित्त बहुतेक वेळा काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत दिसतं, आणि तिने तर त्या दिवशी नवीन काहीच खाल्लं नव्हतं. एवढ्या लहान मुलांत पित्ताचं नेहमीचं कारण विषाणूचा संसर्ग. ज्या सर्दीने कान बिघडवला तिनेच बहुधा अंगावर गांधी उठवल्या. तेव्हा आई, तूही सुटलीस, मीही सुटले.

खाजेसाठी वजनाप्रमाणे मोजून सेटिरिझिन दिलं. ते अमॉक्सिसिलिन मात्र थांबवून दुसरं औषध दिलं. पाच दिवस पित्त उठत-बसत राहिलं आणि मग गेलं.

माझ्या डोक्यात मात्र "पेनिसिलिनची ॲलर्जी" पक्कं बसलं होतं. फाइलवर लाल अक्षरात लिहून घ्या, असा माझाच आग्रह. डॉक्टर तयार होईनात. एकदा तो शिक्का बसला की आयुष्यभर दर आजारात पहिल्या पसंतीचं औषध सोडून दुसरं शोधत बसावं लागतं, आणि असा शिक्का असलेल्या १० माणसांपैकी ९ जणांना तपासणीत ॲलर्जी निघतच नाही, असं ते म्हणाले. दीड महिन्याने त्यांनी आम्हाला दवाखान्यात बोलावलं, समोर बसवून आधी त्याच अमॉक्सिसिलिनचा थोडा भाग दिला, मग काही वेळाने उरलेला, आणि लक्ष ठेवत बसवून ठेवलं. त्या दोन तासांत मी तिच्या पोटावरचा झबला किती वेळा वर केला असेल! नर्स हसत होती. काही झालं नाही. (हे घरी करून बघायचं नसतं हं, बाबा. तुम्हाला प्रयोगांची हौस आहे म्हणून सांगते.)

आता कानाचं. थंड वाऱ्याने होतं, न्हाऊ घालताना पाणी जातं, हे तू म्हणतेस. पण हा बिघाड पडद्याच्या आतल्या बाजूला असतो आणि पडदा शाबूत असला तर बाहेरचं पाणी त्यापलीकडे जात नाही. नाकाच्या मागून कानात जाणारी एक नळी असते. बाळांत ती मोठ्यांच्या निम्म्याने आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीत ती सुजली की आतलं पाणी तुंबतं आणि तिथे जंतू वाढतात. वाढत्या वयाबरोबर ती लांब आणि उतरती होते, म्हणून बहुतेक मुलं यातून बाहेर पडतात. टोपडं घाल, छान दिसते त्यात. पण कानात तेल नको. पडदा फाटलेला असला तर ते आत जाईल. आणि बाटली आडवं ठेवून देऊ नकोस, डोकं वर हवं.

मी लहानपणी उशीवर पिवळा डाग घेऊन उठायचे, ते आठवतं का गं? कान फुटला म्हणायचीस. रात्रभर किंचाळून पहाटे एकदम शांत झोपायचे, असं तूच सांगतेस. पडदा फुटला की आतला दाब सुटतो, म्हणून. बहुतेकदा तो आपोआप भरूनही येतो. तुला हे कोणी सांगितलं होतं का? की दर वेळी मी अचानक गप्प झाले की तू घाबरून माझ्या नाकापुढे हात धरून बघायचीस? मी हल्ली तेच करते.

खरी काळजी आता वेगळीच आहे. मागून हाक मारली तर छकुली वळत नाही. कानात यंत्राचं मऊ टोक घालून पडदा हलतो का ते मोजलं, दोन्हीकडे रेघ सपाट आली, म्हणजे पडदा हलत नाही. आत पाणी साचलंय. जंतुसंसर्ग गेल्यावरही ते तीन महिन्यांपर्यंत राहू शकतं, म्हणून सध्या थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. उतरलं नाही आणि ऐकणं मंदच राहिलं, तर पडद्यात ग्रोमेट नावाची मिलिमीटर-दीड मिलिमीटरची नळी बसवतील. ती साधारण ६ ते १८ महिन्यांत आपसूक गळून पडते. भूल द्यावी लागते, याचंच मला जड जातंय. तोवर तिच्याशी बोलताना समोर बसायचं, तोंड दिसू द्यायचं, जवळून बोलायचं.

तुम्ही पुढच्या महिन्यात आलात की दुपारी ती तुमच्याकडेच असेल. गांधी उठल्या तर घाबरू नका, पण ओठ-जीभ सुजली, श्वास अडला, उलट्या होऊन ती ढिली पडली, तर मला फोन करण्यातही वेळ घालवू नका, थेट इस्पितळ गाठा. पॅरासिटॅमॉलचं माप बाटलीवर पट्टी लावून ठेवीन. ॲस्पिरिन अजिबात नाही.

आणि बाबा, कान मोजणाऱ्या बाईंकडे मी तुमचीही वेळ घेतली आहे. चिडू नका. छकुलीबरोबरच जायचंय, ती आत गेली की पुढचा नंबर तुमचा.

तुमची,
लेक