रन म्हणजे नुसतं पळणं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सहामाहीचे पेपर पोरांच्या हातात आले आणि एक उत्तर बघून राहवलं नाही म्हणून हे पत्र लिहितेय. मी अमळनेरला घरीच इंग्रजीच्या शिकवण्या घेते. सातवीच्या एका मुलीला समानार्थी शब्द विचारला होता, वाक्य होतं 'द रिव्हर रन्स थ्रू द व्हॅली', रन्सच्या खाली रेघ. तिनं लिहिलं फ्लोज. एकदम बरोबर उत्तर, आणि त्याला शून्य मार्क, कारण गाईडमधे रन समोर स्प्रिंट छापलेलं आहे. नदी स्प्रिंट करत नाही, नदी वाहते, आणि पोरीनं वाक्य वाचून उत्तर दिलं होतं. ज्यांनी यादी पाठ केली त्यांना पूर्ण मार्क मिळाले.

एका शाळेला दोष द्यायचा म्हणून लिहित नाहीये, ही पद्धतच सगळीकडे पडलीय. स्पेलिंग, एक अर्थ, एक समानार्थी, झालं पाठांतर. इंग्रजीतले छोटे छोटे शब्द असे एका अर्थात मावतच नाहीत. ऑक्सफर्डची 20 खंडांची मोठी डिक्शनरी 1989 ला आली तेव्हा सगळ्यात जास्त जागा सेट या क्रियापदाला लागली होती, 430 च्या आसपास अर्थ. पुढच्या आवृत्तीचं काम सुरू झालं आणि रन त्याच्याही पुढे गेलं, नुसत्या क्रियापदाचेच 645 अर्थ निघाले, ते लावता लावता पीटर गिलिव्हर या कोशकाराचे 9 महिने गेले. आणि आपण सातवीच्या लेकराला सांगतो रन म्हणजे पळणे, पुढचा शब्द घे.

पायानं पळणं आणि पाण्याचं वाहणं हे दोन्ही अर्थ या शब्दात अगदी जुन्या इंग्रजीपासून आहेत. नंतर यंत्रं आली, रेल्वे आली, कॉम्प्युटर आला, आणि जे जे चालू राहतं त्याला रन लागत गेलं. चोपड्याची बस रन होते म्हणजे जा-ये करते, कोणी कापसाची जिनिंग मिल रन करतं म्हणजे सांभाळतं, तिथे मॅनेज बसेल पण बसला मॅनेज बसणार नाही. लेकराचं नाक रन होतं म्हणजे गळतं. नवीन ओढणी भिजवली आणि रंग रन झाला म्हणजे रंग गेला, तिथे जवळचा शब्द ब्लीड आहे, जो एरवी रक्ताला वापरतात. इलेक्शनला अमेरिकेत रन करतात, इंग्लंडमधे स्टँड करतात, आपल्याकडच्या इंग्रजी पेपरात कॉन्टेस्ट करतात. क्रिकेटचा रन तर पोरांना झोपेतही माहीत असतो, तो विकेटमधल्या पळण्यावरूनच आलाय, पण चौकार मारल्यावर कोणी पळालं नाही तरी चार रन मिळतातच!

आणि पुढे एखादा छोटा शब्द जोडला की सगळंच बदलतं. 'वुई रॅन आउट ऑफ शुगर' याचं भाषांतर एका हुशार मुलानं 'आम्ही साखरेतून बाहेर पळालो' असं केलं. बाकीची पोरं हसली, मला मात्र वाईट वाटलं, कारण त्याला जे शिकवलं तेच त्यानं अगदी इमानदारीनं केलं होतं. घरातली साखर संपली एवढंच ते वाक्य आहे.

पोरांना हे झेपत नाही असं कोणी म्हणू नका. भूक लागली, ठेच लागली, नोकरी लागली, निकाल लागला, लग्न लागलं, भाजी खारट लागली, हे लागणे त्यांना कोणी यादी करून शिकवलं नाही, आजूबाजूला बोलणं ऐकून आलं. मी हीच वाक्यं फळ्यावर लिहिते आणि इंग्रजीत करायला सांगते. भुकेला फील, नोकरीला गेट, खारटाला टेस्ट, प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द येतो हे पोरं स्वतःच शोधून काढतात, आणि मग रन समोर आलं की आपोआप आधी पूर्ण वाक्य वाचतात. आपल्याकडची कितीतरी लेकरं घरी अहिराणीत 'पय' म्हणतात, शाळेत 'पळ' म्हणतात, तिसरी भाषा इंग्रजी. कुठे काय बोलायचं याची समज त्यांच्यात आधीपासून आहे, ती यादीखाली दाबू नका एवढंच म्हणणं आहे.

पेपर तपासणाऱ्या सर-मॅडमना माझी विनंती, समानार्थी शब्द त्या वाक्यात बसत असेल तर मार्क द्या, गाईडमधे नसला तरी द्या. आणि समानार्थी म्हणजे तंतोतंत सारखा नाही हेही वर्गात सांगा. जॉग आणि स्प्रिंट दोन्ही पळणंच, पण सकाळी ग्राउंडवर सावकाश पळणारे आजोबा स्प्रिंट करत नाहीत.

संपादक साहेब, तुमच्याकडेही एक मागणं आहे. विद्यार्थ्यांच्या पानावर तुम्ही रोज एक इंग्रजी शब्द छापता, समोर एक मराठी अर्थ असतो. ते कात्रण बऱ्याच घरी वहीत चिकटवलं जातं. तिथे शब्द रोज नवा नको, आठवडाभर एकच ठेवा आणि रोज त्याचं वेगळं वाक्य द्या. रनपासून सुरू करा, नंतर टेक, गेट, सेट घ्या. वाक्यं पाहिजे असतील तर मी लिहून पाठवते.

आपली,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)