हे सगळं कामून, पप्पा?

प्रिय ताई,

रविवारी फोनवर तू म्हणालीस की देवबिव काही नाही हे मला पटलंय पप्पा, पण मग हे सगळं कामून आहे, आणि तुझा आवाज एकदम बारीक झाला. मी फवारणीचा पंप पाठीवर घेऊन सोयाबीनमधे उभा होतो, मला 'जेवलीस का' एवढंच सुचलं. रात्रभर मग तेच डोक्यात. म्हणून टाइप करत बसलोय, लांबलं तर लांबू दे.

देव मानत नाहीस याचं मला काही वाटलं नाही. आज्जीला सांगू नकोस, म्हणजे सांग, पण तिचा उपवास असेल त्या दिवशी नको.

आपलं हे 'कामून' लई फसवं आहे बघ. त्यात दोन प्रश्न एकाच पोत्यात भरलेत, कशामुळं आणि कशासाठी. मी बारा वर्षांचा होतो तेव्हा मला हे दोन्ही एकदमच पडले होते. २९ सप्टेंबर १९९३ ला गणपती बुडवून लोक उशिरा झोपले आणि पहाटे ३:५६ ला जमीन हलली. लातूर-उस्मानाबादची ५२ गावं आडवी झाली, जवळपास १० हजार माणसं गेली, त्यात तुझा काका, चार वर्षांचा.

कशामुळं, याचं उत्तर आहे. आपल्या पायाखालचं अख्खं भूखंड उत्तरेला सरकतंय, हिमालयाला रेटतंय, त्याचा ताण आत साठत जातो, आणि आपल्या काळ्या कातळाच्या खाली कुठंतरी जुनी कच्ची जागा होती ती सुटली. तेव्हाच्या नकाशात तर आपला भाग सगळ्यात कमी धोक्याचा होता. आणि खरं सांगू का, भूकंपापेक्षा घरांनीच जास्त माणसं मारली. दोन-दोन फूट जाड दगडी भिंती नुसत्या मातीत रचलेल्या, वर माळवद, उन्हाळ्यात गार राहतं म्हणून त्यावर माती टाकतच जायची, तीच माती अंगावर आली.

कशासाठी, याचंही उत्तर द्यायला लोक होतेच. पत्र्याच्या शेडमधे एक जण येऊन सांगत बसला की पाप लई वाढलं होतं म्हणून हा कोप. आज्जीनं विचारलं, चार वर्षाच्या लेकराचं कोणतं पाप हो? तो गपचूप उठून गेला. आज्जीचा देव तरी सुटला नाही, ती अजून तुळजापूरला जाते. माझा मात्र त्या दिवशी सुटला, आणि गंमत म्हणजे मला त्यानं बरं वाटलं, की हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, कुणाला धडा शिकवायला केलेलं नाही.

तुझं म्हणणं असं दिसतंय की वर कुणीतरी हेतू ठरवला असता तर जगायला अर्थ आला असता. कंदुरीचा, म्हणजे नवसाला कापायचा, बोकड आठव. तू लहानपणी ज्याच्या गळ्यात घुंगरू बांधलं होतंस तो. त्याच्या जगण्याला पक्का हेतू होता, तारीखसुद्धा ठरलेली होती. त्यानं त्याचं काय भलं झालं? दुसऱ्यानं ठरवलेला हेतू आपला कसा होईल, मग तो दुसरा देव का असेना.

आणि देव गेला की सगळं रिकामं होतं हे पण खरं नाही. वेरूळला आपण गेलो होतो, ऊन लागलं म्हणून तू शेवटची लेणी बघायला कुरकुर करत होतीस, ३० ते ३४ नंबर, जैनांची. त्यांच्या मतानं हे जग कुणी बनवलेलंच नाही, ते आहेच, आधीपासून. तरी अख्खा कातळ फोडत बसले की ती माणसं.

तूच मला त्या लायगोचं सांगितलंस, अवकाशातली थरथर पकडायचं ते यंत्र. १३० कोटी प्रकाशवर्षं लांब दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, तेव्हा पृथ्वीवर साधा प्राणीसुद्धा नव्हता, आणि ती थरथर २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेत पकडली, चार किलोमीटरच्या नळीत प्रोटॉनपेक्षाही शेकडो पटींनी लहान हालचाल. आता आपल्या हिंगोलीकडच्या औंढ्याजवळ तसंच यंत्र बसणार म्हणून तू फोनवर ओरडत होतीस. ती टक्कर कुणासाठीच नव्हती गं. तरी तू ओरडत होतीस ना?

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. त्या दिवशी उजाडल्यावर काकाला बाहेर काढून घोंगडीवर ठेवलं होतं. आपली म्हैस बाहेर लिंबाखाली बांधलेली, ती वाचली, आणि ती सारखी हंबरत होती, धारेची वेळ टळून गेली होती, कास तटतटलेली. कुणाचं तिकडं ध्यान नाही. आज्जी लेकराजवळून उठली, चेपलेली एक बादली ढिगातून ओढली, पदरानं पुसली आणि खाली बसून धार काढली. मला वाटलं हिला येड लागलं. दूध तिनं शेजारच्या पोरांना वाटलं, मला पण दिलं, त्यात मातीची कचकच होती. मग परत येऊन घोंगडीपाशी बसली आणि तेव्हा रडली.

तू म्हणशील पप्पा, ५०० कोटी वर्षांनी सूर्यच विझणार, मग त्या बादलीचं काय. विझू दे. त्या सकाळी कास तटतटली होती आणि पोरं उपाशी होती, हे त्यानं खोटं होत नाही.

तुला रात्री झोप लागत नाही म्हणालीस, ते मात्र मला प्रश्नापेक्षा जास्त काळजीचं वाटतंय. कुणाशी तरी बोलत जा, मला फोन कर, कितीही वाजू दे.

३० तारखेला आज्जी दरवर्षीसारखी जुन्या गावात जाणार. घराच्या जागेवर बाभळी माजल्यात, जोतं तेवढं दिसतं. ती हात जोडते, मी नुसता उभा राहतो. औंदा तिचा गुडघा लई दुखूलालाय, एका बाजूनं मी धरीन, दुसऱ्या बाजूला तू असलीस तर बरं होईल. रात्रीच्या गाडीचं रिझर्वेशन मिळतंय का बघ. मेसचे पैसे टाकलेत.

तुझा पप्पा