इम्युलेटरवर चालला म्हणजे कन्सोलवर चालला नव्हे

महोदय,

जुन्या गेम कन्सोलसाठी हौशी मंडळी नावाजलेल्या गेमचे नवे पोर्ट, म्हणजे त्या यंत्रावर चालतील अशा आवृत्त्या, लिहितात, त्यावर आपल्या पुरवणीत लेख आला, हे चांगलं झालं. पण लेखातली गोष्ट संगणकावरच्या इम्युलेटरमध्ये, म्हणजे कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, गेम सुरू झाला की संपते. प्रत्यक्षात खरी कटकट तिथून पुढे असते. लेख वाचून कुणी या कामाला हात घालणार असेल, तर त्याच्यासाठी पुढचा भाग मांडतो. उदाहरणं मुख्यतः निन्टेन्डोच्या ८-बिट यंत्राची, म्हणजे १९८३ च्या फॅमिकॉमची आणि त्याचंच भावंड असलेल्या एनईएसची आहेत.

या यंत्राचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा आणि कामाची रॅम २ केबी. नवखे लोक वेगाला घाबरतात, पण आधी नडतो तो व्हीब्लँक. पडद्यावर चित्र उमटत असताना व्हिडिओ मेमरीला हात लावायचा नाही. दोन चित्रांमधल्या कोऱ्या वेळात, म्हणजेच व्हीब्लँकमध्ये, काय ते लिहून घ्यायचं. एनटीएससी (अमेरिका-जपानच्या टीव्ही पद्धतीच्या) यंत्रात ही वेळ प्रोसेसरच्या सुमारे २२७३ सायकलींची, म्हणजे ठोक्यांची. त्यातल्या ५१३-५१४ स्प्राइटची, म्हणजे पडद्यावर सुट्या हलणाऱ्या चित्रांची, यादी डीएमएने (एका दमात होणाऱ्या मेमरीच्या नकलेने) पाठवण्यात जातात. उरलेल्या साडेसतराशेत साधा लूप बाइटमागे १३ सायकली खातो, म्हणजे जेमतेम सव्वाशे बाइट. लूप उलगडून एकाखाली एक सूचना लिहिल्या तर बाइटमागे ८ सायकली लागतात आणि आकडा दोनशेच्या आसपास जातो.

आता पडणाऱ्या ठोकळ्यांचा गेम घ्या. मैदान १० बाय २०, म्हणजे २०० टाइल (पार्श्वभूमीचे चौकोनी तुकडे). हिशेब जुळला असं वाटतं, पण दर ओळीला पत्ता नव्याने लिहावा लागतो आणि गणित फसतं. उपाय असा: दर फ्रेमला, म्हणजे दर चित्राला, चारच ओळी लिहायच्या. पाच फ्रेममध्ये मैदान पूर्ण होतं आणि सेकंदाचा बारावा हिस्सा कुणाच्या नजरेत भरत नाही. पडता ठोकळा स्प्राइटमध्ये ठेवायचा आणि टेकला की टाइलमध्ये उतरवायचा. पोर्ट म्हणजे मूळ गेम लहान करणं नव्हे. दर फ्रेमला काय बदलेल याची मांडणी नव्याने करावी लागते, ती अशी.

वेळ संपल्यावर केलेलं लिखाण जुने इम्युलेटर मुकाट स्वीकारतात. खऱ्या कन्सोलवर त्याच रॉमने (गेमच्या फाइलने) पडदाभर भलत्या टाइल विखुरतात. लिहून झाल्यावर स्क्रोलचे (चित्र किती सरकवायचं त्याचे) आकडे पुन्हा भरले नाहीत तर चित्र उडी मारतं, कारण मेमरीचा पत्ता आणि स्क्रोल आत एकाच रजिस्टरवर (चिपमधल्या छोट्या साठवणीवर) चालतात. पाल (युरोपातल्या टीव्ही पद्धतीच्या) यंत्रांत व्हीब्लँक सुमारे ७४५० सायकलींचा, तिपटीहून मोठा. त्यामुळे फक्त पालवर तपासलेला गेम एनटीएससीवर फाटू शकतो. उलट दिशेने नेलेला सहसा चालतो, पण ६० ऐवजी ५० फ्रेम पडल्याने खेळ आणि संगीत दोन्ही सहाव्या हिश्श्याने मंदावतात.

वीज सुरू होण्याचा क्षण हाही असाच चकवा. इम्युलेटर बहुधा रॅम ठरावीक आकड्यांनी भरून देतो. खऱ्या यंत्रात तिथे काहीही असतं. न भरलेला एखादा व्हेरिएबल शून्य असेल असं गृहीत धरलं की गेम दहादा चालतो आणि अकराव्यांदा काळ्या पडद्यावर अडकतो. शिवाय वीज आल्यावर सुमारे २९,६५८ सायकली चित्र काढणारी चिप, म्हणजे पीपीयू, आपल्या काही रजिस्टरांतलं लिखाण घेतच नाही. म्हणून सुरुवातीला दोन व्हीब्लँक थांबायचं आणि मधल्या वेळात २ केबी रॅम पुसायची. मेसेन या इम्युलेटरमध्ये सुरुवातीची रॅम कशीही भरण्याचा पर्याय आहे. तो पहिल्या दिवसापासून चालू ठेवावा. आडव्या रेषेवर आठपेक्षा जास्त स्प्राइट दाखवणारा पर्याय मात्र बंद हवा. यंत्रावर नववा स्प्राइट गायबच होतो. त्यावर इलाज एकच: यादीतला क्रम दर फ्रेमला फिरवायचा, म्हणजे कुणी एक कायमचा नाहीसा न होता सगळे थोडे थोडे लुकलुकतात.

आवाजाचे नमुने वाजवणारा डीएमसी चॅनल वापरला तर एनटीएससी यंत्रात कंट्रोलरचं वाचन अधूनमधून बिघडतं आणि न दाबलेलं उजवं बटण दाबल्यासारखं येतं. लागोपाठ दोन वाचनं जुळेपर्यंत वाचत राहायचं. ६५०२ जातीचा प्रोसेसर असलेल्या दुसऱ्या यंत्रावरून कोड आणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: गुण मोजायला तिथे दशमान मोड वापरलेला असतो, पण या यंत्राच्या २ए०३ चिपमध्ये तो बंद आहे. सूचना चालते, बेरीज मात्र साध्या द्विमान पद्धतीनेच होते.

अटारी २६०० (१९७७) चं दुखणं वेगळंच. रॅम १२८ बाइट आणि चित्र साठवायला मेमरी नाहीच. दर रेषेला मिळणाऱ्या ७६ सायकलींत प्रोग्रामनेच चित्र रचायचं. एनटीएससीला दर फ्रेमला २६२ रेषा द्यायच्या. एखाद्या फ्रेममध्ये शत्रू हलवण्याचं गणित लांबलं आणि रेषा वाढल्या, तर इम्युलेटर चित्र सावरून घेतो. जुना टीव्ही मात्र ते गडगडवतो. स्टेला या अटारीच्या इम्युलेटरमध्ये रेषांचा आकडा दिसतो, त्यावर नजर ठेवावी.

सेगा मेगा ड्राइव्ह या कन्सोलवर एसजीडीके हा तयार साधनसंच वापरून सी भाषेत लिहिता येतं, म्हणून तो सोपा वाटतो, आणि बऱ्याच अंशी आहेही. तरी तिथला ६८००० प्रोसेसर विषम पत्त्यावरून १६-बिट वाचन केलं की थेट अॅड्रेस एरर देतो, आणि कित्येक इम्युलेटर ते खपवून घेतात.

रॉम तयार झाली की कार्ट्रिज. इथे स्वस्ताईने यंत्रच धोक्यात येतं. जुन्या कन्सोलची बस ५ व्होल्टची असते, ३.३ व्होल्टची फ्लॅश चिप तिला थेट जोडली तर चिपवर आणि कन्सोलवर दोन्हीकडे ताण येतो. एकतर मध्ये लेव्हल शिफ्टर (व्होल्टेज जुळवणारी चिप) घाला, नाहीतर ३९एसएफ०४० सारखी ५ व्होल्टची ५१२ केबीची चिप घ्या. चिपच्या वीजपिनेजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. बोर्डाच्या कडेच्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा घ्यावा. कथिलाचा लेप कन्सोलच्या कनेक्टरमध्ये खरवडून राहतो. कडेला उतार द्यावा, नाहीतर कनेक्टरच्या पिना वाकतात. एनईएससाठी बोर्ड १.२ मिलिमीटर जाडीचा घ्या. जुन्या कार्ट्रिजमधली मास्क रॉम (कारखान्यातच भरलेली चिप) काढून तिथे ईप्रॉम (पुन्हा लिहिता येणारी चिप) बसवणार असाल तर पिना सरळ जुळतील या भरवशावर राहू नका, दोन्हींचे तक्ते शेजारी ठेवून तार फिरवा. आणि समोरून कार्ट्रिज घेणाऱ्या एनईएसमध्ये लॉकआउट चिप असते. तिला कार्ट्रिजमध्ये जोडीदार चिप सापडली नाही तर यंत्र साधारण सेकंदाला एकदा रिसेट होत राहतं. ७२ पिनांच्या एनईएस बोर्डावर त्यासाठी जागा सोडावी लागते, फॅमिकॉमच्या ६० पिनांत तो प्रश्नच येत नाही.

हक्कांबद्दल लेखात एक ओळही नाही. खेळाचे नियम सहसा कुणाच्या मालकीचे नसतात. चित्रं, संगीत आणि कोड मात्र असतात. कमोडोर ६४ वरचा सुपर मारिओचा पोर्ट एप्रिल २०१९ मध्ये आला आणि काही दिवसांतच हक्कांच्या नोटिशीने उतरवावा लागला. निन्टेन्डो ६४ साठीचा ‘पोर्टल’ या गेमचा पोर्ट जानेवारी २०२४ मध्ये थांबला, कारण तो निन्टेन्डोच्या मालकीच्या लायब्ररींवर उभा होता. त्या यंत्रासाठी लिबड्रॅगन ही खुली लायब्ररी उपलब्ध आहे. डूम या गेमचा कोड १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९९९ मध्ये जीपीएल या खुल्या परवान्याखाली आला, पण त्याच्या पातळ्या आणि चित्रं खुली नाहीत. म्हणून कोड मूळचा आणि चित्रं फ्रीडूम या खुल्या संचाची, अशी जोडणी करतात. स्रोत सापडला म्हणजे सगळंच मोकळं झालं असं धरू नये.

यापुढे आपण एखाद्या होमब्रू (हौशी) पोर्टबद्दल छापाल, तेव्हा तो खऱ्या यंत्रावर पाहिला का, ते यंत्र एनटीएससी होतं की पाल, आणि कार्ट्रिजमधली चिप किती व्होल्टची, एवढं लेखकाकडून विचारून घ्यावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक