गायरानाला पण शेतकऱ्याइतकंच भाडं द्या

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

शेतीला दिवसा लाईट मिळावी म्हणून गावोगाव सोलर प्रकल्प उभारायच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या बातम्या तुमच्या पेपरात कायम येतात, इतके मेगावॅट झाले, इतके फीडर (शेतीला लाईट देणाऱ्या लाइनी) सोलरवर आले, आणि त्या छापायलाच पाहिजेत कारण काम खरंच मोठं आहे. पण ज्या जमिनीवर हे पॅनेल बसतात त्या जमिनीबद्दल कोणी फारसं लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

आधीच सांगतो, मी सोलरच्या विरोधात नाही. अंबाजोगाई तालुक्यात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, रात्रीच्या लाईटीनं शेतकऱ्याचं काय होतं ते मला रोज दिसतं. हप्त्यातले काही दिवस दिवसा थ्री फेज आणि बाकी रात्री, बारा-एकला लाईट येते, व्होल्टेज नसतं, मोटार जळते, आणि सकाळी तीच मोटार मोटारसायकलला बांधून आमच्याकडं. अंधारात दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला गेलेली किती माणसं पान लागून (साप चावून) गेलीत ते मराठवाड्यात कुणाला सांगायची गरज नाही. त्यामुळं दिवसा लाईट मिळणं ही आमच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे, आणि या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला (2.0) पहिला प्रकल्प 2024 मधे आपल्याच वैजापूर तालुक्यात धोंदलगावला सुरू झाला याचा मला आनंदच आहे.

कोळशाचं पण आम्ही बघितलंय. परळीचं थर्मल, म्हणजे कोळशावरचं वीज केंद्र, पन्नास वर्षांपासून शेजारी आहे. 2015 ला पाणी नाही म्हणून अख्खं बंद ठेवावं लागलं, पुढच्या साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, म्हणजे या भागात एवढं पाणी लागणारं मोठं केंद्र चालवणं किती अवघड असतं ते तेव्हाच कळलं. राखेचे नियम 1999 पासून आहेत, 31 डिसेंबर 2021 ला परत नवीन अधिसूचना निघाली की सगळी राख वापरात आणा, जुनी साठलेली पण उचला, तरी उन्हाळ्यात वारं सुटलं की आसपासच्या गावात वाळत घातलेल्या कपड्यावर आणि कडब्यावर राख बसते ती बसतेच. वीज तयार करताना मागं काय उरणार आणि ते कोणाच्या दारात राहणार हे आधी ठरवलं नाही की काय होतं ते आम्हाला माहीत आहे.

सोलरला राख नाही, धूर नाही, पण जमीन लागते. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर. योजनेचं टार्गेट 16,000 मेगावॅट आहे, म्हणजे राज्यभरात 64 ते 80 हजार एकर. ही सगळी काही गायरानं नाहीत, खाजगी पण आहेत, पण सबस्टेशनच्या पाच-दहा किलोमीटरच्या आत सलग मोकळी जमीन बघायला गेलं की तलाठ्याच्या कागदावर पहिलं नाव गायरानाचंच निघतं.

आता माझा खरा मुद्दा. खाजगी शेतकऱ्यानं जमीन दिली तर त्याला हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार भाडं, वर दरवर्षी 3 टक्के वाढ. चांगला दर आहे, कोरडवाहूत एवढे कधी सुटत नाहीत. आणि तीच जमीन गायरान असली तर प्रकल्पाला नाममात्र भाड्यानं, आणि ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख, ते पण फक्त 3 वर्षं. हिशोब करून बघा. 10 हेक्टर म्हणजे 25 एकर, त्यावर साधारण 5 मेगावॅट बसतात. शेतकऱ्याची असली तर पहिल्याच वर्षी साडेबारा लाख, आणि 25 वर्षांत वाढ धरून साडेचार कोटीच्या वर. गावाचं गायरान असलं तर सगळे मिळून 15 लाख, तिसऱ्या वर्षानंतर काहीच नाही. पॅनेल मात्र पुढची बावीस वर्षं तिथंच राहणार.

काहीजण म्हणतात गायरान सरकारीच आहे, सरकारनं स्वतःच्या जागेचं भाडं कशाला द्यायचं. पण ती जागा गावाच्या जनावरांसाठी राखून ठेवलेली आहे म्हणून तर तिला गायरान म्हणतात ना, आणि ज्याला एक गुंठा पण रान नाही त्याची शेरडं तिथंच चरतात. उस्मानाबादी शेळी, देवणी आणि लाल कंधारी गाय-बैल, ही सगळी नावाजलेली जित्राबं याच माळावर तयार झालीत. 25 एकराला तारेचं कंपाउंड पडलं की धनगराला आणि शेरडंवाल्या बायांना दोन-तीन किलोमीटर लांबून वळसा, नाहीतर चारा विकत, आणि चारा विकत घेऊन शेळी परवडत नाही.

लाईट महाग होईल म्हणावं तर ते पण नाही. आपल्याकडं एका मेगावॅटपासून वर्षाला साधारण 15-16 लाख युनिट निघतात. 5 मेगावॅटच्या 75-80 लाख युनिटवर साडेबारा लाख भाडं लावलं तर सुरुवातीला युनिटमागं 16 पैशाच्या आसपास पडतं. खाजगी जमिनीवरच्या प्रकल्पाला हा खर्च परवडतोच ना, मग गायरानावरच्याला का नाही?

आणि जे लोक गायरान कसतात त्यांचं काय? मराठवाड्यात गायरानाची चळवळ किती जुनी आहे ते भूमिहीनांसाठी लढलेल्या दादासाहेब गायकवाडांपासून एकनाथ आवाडांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. 1991 च्या शासन निर्णयात 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं, तरी आज पण कितीतरी भूमिहीन घरांकडं पुरावा म्हणून गाव नमुना 1 ई ची (तलाठ्याच्या अतिक्रमणाच्या वहीतली) नोंद आणि दंडाच्या पावत्या एवढंच आहे, सातबाऱ्यावर नाव नाही. माझ्याकडं मोटार घेऊन येणाऱ्या एका बाईनं मला अशा पावत्या दाखवल्या, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेल्या, सगळ्यात जुनी सासऱ्याच्या नावची, घड्यांवर फाटलेली. मोजणीला माणसं आली तेव्हा तिला सांगितलं की रेकॉर्डला जागा मोकळी आहे. तूर उभी होती त्या जागेत! आधी अशा लोकांचे दावे निकाली काढा आणि मग मोजणी करा, त्याला थोडा वेळ लागला तर लागू द्या.

दुसरं पॅनेलच्या कचऱ्याचं. 2022 च्या ई-कचरा नियमात सोलर पॅनेल आलेत, 1 एप्रिल 2023 पासून नियम लागू आहेत, पण कंपन्यांनी 2034-35 पर्यंत खराब पॅनेल नुसते साठवून ठेवायचे असं त्यात आहे. मोठ्या प्रकल्पाचं एक वेळ होईल. पण मागेल त्याला सौर कृषीपंप योजनेतले पॅनेल विहिरी-विहिरीवर गेलेत, देखभाल 5 वर्षांची, आणि आमच्याकडं गारपीट काय असते ते 2014 ला सगळ्यांनी बघितलंय. फुटलेले पॅनेल आत्ताच लोक माझ्या दुकानात आणून टाकायलेत, भंगारवाला अॅल्युमिनियमची फ्रेम काढून नेतो आणि काच, सेल, वायरी तिथंच सोडतो. प्रत्येक तालुक्याला एक जमा करायची जागा पाहिजे, ती महावितरणनं करावी नाहीतर पंचायत समितीनं.

परभणीत पॅनेल उंच बसवून खाली पीक घ्यायचे प्रयोग झालेत. सगळीकडं तसं जमणार नाही, लोखंडाचा खर्च वाढतो, पण गायरानावर निदान शेळ्या-मेंढ्या आत सोडता येतील एवढी उंची आणि कंपाउंडमधून जनावरांना जायला एक वाट, एवढं टेंडरमधे लिहायला काय हरकत आहे.

माझी मागणी एवढीच की गायरानाचं भाडं खाजगी जमिनीच्या दरानं, पूर्ण 25 वर्षं ग्रामपंचायतीच्या वेगळ्या खात्यात यावं आणि त्यातला ठरावीक भाग चाऱ्यावर आणि भूमिहीन घरांवर खर्च करायचं बंधन असावं. आणि काम सुरू व्हायच्या आधी ग्रामपंचायतीच्या बोर्डावर गट नंबर, किती एकर, किती मेगावॅट, किती वर्षं, भाडं किती आणि शेवटी पॅनेल कोण उचलणार हे मराठीत लावावं, आणि त्यानंतर निदान महिनाभरानं ग्रामसभा घ्यावी.

आपला,
एक मोटार रिवायंडिंगवाला
ता. अंबाजोगाई, जि. बीड