देव राजा आहे, तर वाईटाचं का चालतं?

कोल्हापूर

प्रिय शांती,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझ्या हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या त्या बाईचा नवरा दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यामुळे गेला, तो माणूस जामिनावर सुटला, आणि ती तुला विचारते, "तुमचा देव राजा आहे ना?" तिला काय सांगायचं, असं तू विचारलंस. आधी काय सांगायचं नाही ते लिहितो.

"देवाची इच्छा होती" हे वाक्य तिच्यापुढे काढू नकोस. ते ऐकणाऱ्याला देवच गुन्हेगार वाटतो आणि खरा गुन्हेगार नामानिराळा राहतो. शास्त्र, म्हणजे बायबल, तसं बोलत नाही. प्रेषितांची कृत्ये 2:23 काढून बघ. येशू देवाच्या ठरलेल्या संकल्पानुसार धरून दिला गेला, आणि त्याला मारण्याचा दोष मारणाऱ्यांचाच, हे दोन्ही एकाच वचनात आहे. भावांनी विकून टाकलेला योसेफही उत्पत्ती 50:20 मध्ये देवाने त्यातून चांगलं योजलं हे सांगतो, पण भावांनी वाईट योजलं होतं हे आधी तोंडावर बोलून दाखवतो. देव वाईटावर राज्य करतो म्हणजे तो वाईटाला चांगलं म्हणतो, असं नाही. हे दोन धागे सुटे केले की एकतर देव क्रूर ठरतो, नाहीतर लाचार.

तेव्हा तिच्याजवळ नुसती बस. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री जमिनीवर गप्प बसले होते तोवर बरोबर होते (2:13). "तुझंच काहीतरी चुकलं असेल" म्हणून हिशेब मांडायला लागले, आणि 42:7 मध्ये देवाने त्यांना खडसावलं. रागाने बोलणाऱ्या ईयोबाला मात्र तो माझ्याविषयी योग्य बोलला, असं देव म्हणतो.

प्रार्थना करायची तर स्तोत्र 13 घे. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत "किती काळ" असं चार वेळा विचारलंय, पुढच्या दोनांत मागणं आहे, शेवटच्या दोनांत भरवसा. क्रम मोडू नकोस. आपल्याकडे पुष्कळ जण थेट शेवटच्या दोन वचनांवर उडी मारतात. मग दुःख आतच राहतं आणि भरवसा पाठांतरासारखा वाटतो. कधीकधी भरवशाच्या ओळीपर्यंत पोचताच येत नाही. स्तोत्र 88 अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहे.

जामिनाबद्दल: जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, खटला उभा राहतोच. तिला हे कुणी सांगितलं नसेल तर तू सांग. फिर्यादीची प्रत, शवविच्छेदनाचा अहवाल, औषधोपचाराची बिलं एका फाईलमध्ये ठेवायला सांग आणि मोटार अपघात दाव्यासाठी वकील लवकर गाठायला सांग. हे करणं अविश्वास नाही. रोमकरांस पत्र 12:19 मध्ये सूड देवावर सोपवायला सांगितलंय, आणि लगेच 13:4 मध्ये अधिकारी हा अन्याय करणाऱ्याला शिक्षा देणारा देवाचा सेवक आहे, असं येतं. मध्ये अध्यायाची खूण आहे म्हणून आपण तिथे थांबतो, पण मूळ पत्रात ती नव्हती. ते पत्र लिहिणाऱ्या पौलाने स्वतः कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली होती (कृत्ये 25:11).

आता तुझा स्वतःचा प्रश्न, "इतका उशीर का?" त्यासाठी हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक वाच, तीनच अध्याय आहेत. यहूदातला अन्याय बघून तो ओरडतो, आणि देव सांगतो की मी खास्दी, म्हणजे बाबेलच्या, लोकांना आणतोय. म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर! तो पुन्हा तक्रार करतो, आणि देव त्याला गप्प बसवत नाही. "विलंब लागला तरी वाट पाहा" असं सांगतो, मग त्याच बाबेलवर पाच वेळा "हाय हाय" येते. इ.स.पू. 586 मध्ये बाबेलने यरुशलेम पाडलं, आणि इ.स.पू. 539 मध्ये पारसाचा राजा कोरेश याने बाबेल घेतलं. मध्ये 47 वर्षं गेली. हबक्कूकाचं ऐकणाऱ्या बहुतेकांनी तो शेवट पाहिला नसेल. हे तिच्यापासून आणि स्वतःपासूनही लपवू नकोस. शेवटी तो म्हणतो, अंजीर फुललं नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. 2019 आणि 2021 च्या पुरात ऊस कुजलेला आणि गोठे रिकामे बघितलेल्या माणसाला हे वचन फोड करून सांगावं लागत नाही.

बायबलचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, मात्र चुकीच्या टोकाने उघडू नकोस. लोक 13 व्या अध्यायातल्या श्वापदाच्या 666 या आकड्यापासून सुरू करतात आणि या नेत्याचं नाव, त्या देशाचं नाव असा हिशेब मांडत बसतात. व्हॉट्सअॅपवर तुलाही असलं येत असेल, ते पुढे पाठवू नकोस. तो दिवस कुणालाच ठाऊक नाही, असं मार्क 13:32 मध्ये येशूच म्हणतो. तू आधी प्रकटीकरणाचे अध्याय 4 आणि 5 मोठ्याने वाच. सगळ्यात आधी दिसतं ते राजासन, आणि ते रिकामं नाही. मग योहानाला सांगितलं जातं, यहूदा वंशाचा सिंह जिंकला आहे. तो बघतो, तर वधलेला कोकरा, म्हणजे येशू, उभा. पुढचं सगळं पुस्तक या एका दृश्यातून वाचायचं. विजय वधस्तंभावर झालेला आहे.

मग सैतान एवढा का चवताळलाय? प्रकटीकरण 12:12 सांगतं, आपला काळ थोडा उरलाय हे त्याला कळलंय म्हणून. राधानगरी-गगनबावड्याकडे पाऊस थांबला तरी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी लगेच उतरत नाही, 43 फुटांची धोक्याची खूण ओलांडून ते तसंच उभं राहतं. तोवर बोट लागते, स्थलांतर लागतं, माणसं अडकतात. पण पाऊस थांबलाय हे खरंच असतं. दाखला इथेच संपतो, कारण पाऊस पुढच्या वर्षी परत येतो, आणि ख्रिस्ताचं अर्पण एकदाच, कायमचं झालंय (इब्री 9:26-28).

या काळात विश्वासणारे जिंकतात ते कसे, तेही प्रकटीकरण 12:11 मध्ये आहे: कोकऱ्याच्या रक्ताने, आपल्या साक्षीच्या वचनाने, आणि जिवावर उदार होऊन. हातात तलवार नाही. स्मुर्णाच्या मंडळीला मरेपर्यंत विश्वासू राहायला सांगितलं होतं (2:10). पुढे दुसऱ्या शतकात त्याच शहरातला वृद्ध बिशप पॉलिकार्प ख्रिस्ताला नाकारायला तयार झाला नाही आणि मारला गेला. बाहेरून बघणाऱ्याला त्या दिवशी रोम जिंकल्यासारखंच वाटलं असेल.

त्या बाईने आपणहून विचारलं, "मग शेवटी काय?" तरच प्रकटीकरण 21:4 वाचून दाखव, देव डोळ्यांचं पाणी पुसून टाकील ते. पण त्याआधीचं 20:12 गाळू नकोस. तिथे पुस्तकं उघडली जातात आणि लहानथोर सगळे राजासनापुढे उभे राहतात. तिच्या नवऱ्याचं काय झालं हे तिथे कुणी मिटवू शकत नाही. तिला नुसतं पाणी पुसणारा देव सांगितलास तर ती म्हणेल, त्या माणसाचं काय? आणि तिचं बरोबर असेल.

रात्रपाळी संपली की फोन कर. ती काय म्हणाली ते सांग, आम्ही तिचं नाव न घेता रविवारी मंडळीत प्रार्थनेला ठेवू.

तुझे,
आई-पप्पा